चोवीस छिद्रं

कॅबिनेट एसटीत घालून परभणीला कोण नेणार?
म्हणून त्याच्या पोटाचा नकाशा काढून नेला,
पाणीपट्टीच्या पावतीमागं.
मोठं तोंड : दोन ओळी, बारा-बारा.
काही छिद्रं चौकोनी, काहींचे कोपरे खाल्लेले,
तीही काढली जशीच्या तशी,
आणि बाजूला खिट्टीची खूण.
प्रोसेसरजवळ आठ.
नव्या डिस्कला चपटं तोंड.
जुनीला चार जाड सुया.
खाली लिहिलं : वायर दोन वीत तरी पाहिजे.

गंगाखेडला तहसीलसमोर
टपरीएवढं माझं दुकान. प्रतिज्ञापत्र, रहिवासी, सातबारा.
मंगळवारी लाईट गेली, आली, गेली,
तिसऱ्यांदा आली तेव्हा
पेटीतून करपलेल्या लसणासारखा वास.
समोर बसलेली सोजरबाई म्हणाली,
"कायतरी जळलालंय गं बाई."
जळून झालं होतं.

मखदूमभाईंनी पावती उलटी धरली, सुलटी केली.
"ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्यात का?"
दिली होती. एलिमेंटरी. सी ग्रेड.

पहिला डबा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.
वर पाचशे वॅट, किंमत सातशे रुपये.
हलका. न फोडताच कळावं असा कुजका नारळ.
"पाचशे स्टिकरवर हायत," ते म्हणाले,
"आत निम्मेबी न्हाईत."
दुसरा ठेवला,
मनगट खाली गेलं.

तेवढ्यात पोरानं तिसरा आणला.
पंख्याला जांभळा उजेड, वायरी सगळ्या सुट्या,
लागतील तेवढ्याच खोचायच्या.
मला आवडला. खोटं कशाला बोलू.
फक्त जाड सुयांची वायर त्यात नव्हती.
"त्येला काय हुतंय," पोरगा म्हणाला,
"दुसऱ्या कंपनीची पडून हाय की. तोंड सेम. बसती."

मखदूमभाई चहा ठेवून उठले.
"नक्को. वो नक्को, बाबा."

मग सांगितलं.
वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओवाल्याची डिस्क,
तीवर अकरा लग्नं.
वायर अशीच, परक्या डब्यातली,
बसली खट् करून, जशी तिच्यासाठीच केलेली.
पण डब्याकडच्या टोकाला
ज्या त्या कंपनीची पिवळी-लाल ज्या त्या जागी.
पाचच्या घरात बारा शिरले.
धूरसुद्धा थोडाच आला म्हणे.

"लावली कुणी होती?"
त्यांनी आपलाच पंजा पालथा करून दाखवला.
"त्यातली एक नवरी अजून येती दुकानात.
कधी माऊस नेती, कधी सेल.
फोटोचं काढत न्हाई."

मी दुसरा घेतला. करड्या रंगाचा, बोजड,
वायरी पोटातूनच निघालेल्या.
पावतीवर बोट ठेवून मोजलं :
चोवीस. चार आणि चार, जोडले की आठ.
चपटी तीन. जाड सुया दोन, एक जास्तच.

"चालवून दावा."
हिरवी तार आणि कुठलीही एक काळी,
दोघींना जोडलं की जागा होतो म्हणाले,
आणि खणात क्लिप शोधायला लागले.
मी केसातला आकडा काढून दिला.
पंखा जरा अडखळला,
मग फिरला.
आकडा परत खोचला तेव्हा
पोरगा बघतच राहिला.

गंगाखेडला उतरले तर गावात लाईट नाही.
शटर अर्धं वर करून बसले.
मोबाईल तीन टक्के, तो कशाला जाळा,
अंगठ्यानंच चाचपलं :
इथं चौकोन, इथं गोल, खिट्टी ह्या अंगाला.
जोर केला नाही.
बसलं. पावती काढून
अंधारातच पुन्हा मोजलं.

आधारवर सोजर, रेशनवर सोजराबाई,
बँकेत सोजरबाई, आणि बाई एकच,
एवढंच तर तिला लिहून पाहिजे होतं.
मी टाईप करत होते,
"सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की"
आणि तिथंच सगळं काळं झालं.

सेव्ह केलं होतं का,
आठवत नाही.
ती उद्या दहाला येणार आहे.